हमालीचा हिशेब संगणकावर चढवताना

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. राईस मिलमध्ये कट्टे वाहणाऱ्या माणसाची मजुरी कट्ट्यांच्या मोजणीवर ठरते. ती मोजणी मुकादमाच्या वहीत आणि तेथून दिवाणजींच्या खातेवहीत जाते. आता वहीच्या जागी संगणक येत आहे. आपल्या वस्तीतली शिकलेली मुले-मुली अशा लहान धंद्यासाठी हिशेबाचे ॲप लिहू शकतात. पण ॲप लिहून काम संपत नाही. त्यात नेहमी दुरुस्त्या होतात, आणि खरी जोखीम ती दुरुस्ती चालू धंद्यात चढवताना असते.

समजा, 1 तारखेपासून कट्ट्यामागे हमाली वाढली. मुलाने एक ओळ बदलली आणि घाईघाईने फाइल थेट सर्व्हरवर टाकली. नवा दर लागला, पण त्याच ओळीने रात्रपाळीचे जादा पैसे गळाले. शनिवारी हमालाच्या हाती रक्कम कमी आली. संगणकाने काढलेला आकडा म्हटल्यावर बिचारा भांडणार कोणाशी?

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी कंपनी होती. तिने नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायला घेतला, पण एका सर्व्हरवर तो टाकायचा राहून गेला. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना, बंद पडलेला प्रोग्राम जागा होऊन भराभर सौदे करू लागला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढे सरकारी चौकशीत निघाले की, हे काम दुसऱ्या माणसाने तपासावे असा लेखी नियमच तेथे नव्हता.

मी कॉमर्सचा माणूस. हे वाचून मला आमची तेरीज आठवली. रोजकीर्द लिहिली, खतावणी झाली, तरी तेरीज जुळल्याशिवाय ताळेबंदाला हात लावायचा नाही, मग मालक कितीही घाई करो. संगणकवाले ज्याला 'पाइपलाइन' म्हणतात, ती या शिस्तीचीच यंत्राने केलेली सोय आहे.

राईस मिल डोळ्यांसमोर आणा. धान चाळणीतून जाते, खडे निघतात, रबर रोलरवर टरफल सुटते. पुढे सेपरेटर न सोललेले दाणे वेगळे करून पुन्हा रोलरकडे धाडतो. ते तांदळात मिसळूच देत नाही. पाइपलाइनचेही तसेच. मुलाने केलेला बदल आधी 'गिट' नावाच्या नोंदवहीत चढतो. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, हे सारे तेथे राहते. नोंद होताच दूरचा एक संगणक आपोआप कामाला लागतो. तो ॲप पहिल्यापासून बांधतो, ठरवून दिलेली गणिते सोडवून पाहतो, आणि एकही उत्तर चुकले तर बदल परत पाठवतो. सगळी जुळली तरच नवे ॲप सर्व्हरवर जाते.

ही गणिते आपणच द्यायची असतात. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे अरवा तांदूळ 67 किलो आणि उसना 68 किलो द्यावा लागतो. हे एक गणित झाले. अमुक कट्टे, अमुक दर, दोन रात्रपाळ्या, मजुरी किती, हे दुसरे. वर सांगितलेली चूक या दुसऱ्या गणितावर शनिवारच्या आधीच अडली असती. मात्र जे गणित दिलेच नाही, ते यंत्र तपासणार नाही.

हा सारा कारभार ज्या 'क्लाउड'वर चालतो तो काही आभाळात नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गुगलने 2017 मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. गोंदियातून भाड्याने जागा घेता येते, भांडवल लागत नाही. पाइपलाइन चालवायला 'गिटहब'सारख्या ठिकाणी ठराविक मिनिटे फुकट मिळतात. लहान धंद्याला ती सहसा पुरतात.

काळजीच्या जागाही आहेत. ॲप बिघडले तर जुने परत आणता येते, पण तोवर चुकीच्या झालेल्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. म्हणून प्रत्येक बदलाआधी नोंदींची वेगळी प्रत काढायची. पासवर्ड आणि चाव्या प्रोग्राममध्ये कधी लिहू नयेत. तिजोरीची चावी कोणी रोजकीर्दीत चिकटवून ठेवते का? उघड्या ठिकाणी पडलेल्या चाव्या शोधत यंत्रे सतत फिरत असतात. चोराने आपल्या चावीवर दहा सर्व्हर चालवले तर बिल आपल्या नावे येते. तेव्हा पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा ठरवून, ती ओलांडताच सूचना येईल अशी व्यवस्था करावी.

आणि गणिते लिहिताना मुलाने एकट्याने बसू नये. मुकादमाला आणि दोन जुन्या हमालांना शेजारी बसवावे. पावसात भिजलेल्या कट्ट्याचा दर, अर्ध्या पाळीचा हिशेब, उचल कशी कापायची, हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.