तळघराची ओल : डबा उघडण्याआधी

‘दोन हात मारले की ओल थांबते’ हा तळघराबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमज. वॉटरप्रूफिंगचं द्रव्य कितीही भारी असो, त्याला पकड भिंतीची लागते. खाली जुना रंग, पुट्टी किंवा खार राहिला, तर तो सुटताना नवा थरही घेऊन सुटतो.

पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या काळ्या जमिनीत जास्तच सांभाळावं लागतं. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला खेटून भेग पडली, की पहिल्याच मोठ्या पावसाचं पाणी सरळ पायापाशी उतरतं. पावसाळ्यात विहिरींना पाणी चढतं, डिंभे धरणाच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की कालव्याकाठीही तेच. तेव्हा जमिनीखालच्या भिंतीवर दाब येतो. मागे 1 मीटर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन, 3 मीटरला 3 टन. आतून मारलेला साधा रंग त्यापुढे फुगणारच.

पण प्रत्येक ओल बाहेरचीच असते, असंही नाही. दमट हवेचं पाणी गार भिंतीवर धरतं. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी टेप लावून रात्रभर भिंतीवर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतलं, मग आधी वारा खेळता करा. पन्हाळी आणि ड्रेनेजचे पाईपही त्याच वेळी पाहून घ्या.

‘खार ॲसिडनं झटक्यात जातो.’ जातो, पण ॲसिड सिमेंटही खातं आणि आतल्या सळईला गंज चढवतं. खार तारेच्या ब्रशनं कोरडाच खरवडावा. बुरशीसाठी ब्लीचिंग वापरलेल्या जागी तर ॲसिड नकोच. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणजे तळघरात खालीच साचतो.

तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारे गवंडी सगळीकडे दिसतात. काँक्रीटच्या धुळीतली बारीक सिलिका रुमालातून आरपार जाते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. मास्क निदान एन-95 हवा, ग्राइंडरला धूळ ओढणारं यंत्र हवं आणि ओल्या जागेच्या वीजजोडणीला ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. डिझेलचा पंप तळघरात उतरवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंप वर, पाईप खाली.

भेगेवर नुसतं सिमेंट फासणं व्यर्थ. ती 20 ते 25 मिलिमीटर खोल, आत जरा रुंद चिरून, धूळ काढून भरावी. भेग आडवी असेल आणि भिंत आत झुकली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो वॉटरप्रूफिंगचा विषयच नाही.

भिंत कोरडी हवी की ओली? सिमेंटवर आधारित लेपाला ओलसर, पण पाणी न ओघळणारी. डांबरी आणि इपॉक्सी लेपांना सहसा कोरडी. डब्यावरची सूचना वाचा.

बाहेरून खणायचं असेल तर उन्हाळ्यात खणा. 1 घनमीटर ओल्या मातीचं वजन दोन टनांच्या आसपास भरतं. दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्यांचा आधार दिल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका, आणि उपसलेली माती काठावर रचू नका.