अडतीसचं माप

१९६२ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात बायकांची दुपारची झोप बंद झाली. २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चीननं नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाख अशा दोन्ही बाजूंनी हल्ला केला होता. नेफातल्या नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती गणवेशात उभे होते, हे जसजसं कानावर आलं तसतशा घरोघरच्या सुया ट्रंकेतून बाहेर निघाल्या.

लोकर लष्करी हिरवी, जराशी टोचणारी, लड्यांतून यायची. मी नऊ वर्षांची. लडी दोन्ही मनगटांत अडकवून बसायचं आणि समोरची काकू गुंडा करत जाईल तसे हात डावी-उजवीकडे झुकवायचे, एवढंच माझं काम. गुंडा घट्ट करायचा नाही. लोकर ताणली जाते आणि धुतल्यावर स्वेटर आखडतो.

सगळा कारभार वाड्यातल्या माईंकडे. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर पानशेतच्या पुराची रेघ तेव्हा अजून दिसत होती. १२ जुलै १९६१ ला घरातलं सगळं वाहून गेल्यावर मदतीत आलेलं पोलकं त्यांच्या दंडात चढलं नव्हतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून माप पक्कं: छाती अडतीस. खालची पट्टी दहा नंबरच्या सुयांवर, दोन सुलट, दोन उलट, तीन इंच; पुढे आठ नंबर. पण आईचा हात घट्ट आणि वहिनींचा सैल. टाके तेवढेच घालून दोघींच्या स्वेटरांत दोन इंचांचा फरक! मग माई प्रत्येकीकडून आधी चार इंचांचा चौकोन विणून घेऊ लागल्या. त्यावर टेप ठेवून कुणी किती टाके घालायचे ते ठरे. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी, बरोबरीनं विणायच्या. म्हणजे एक लांब, एक आखूड होत नाही.

हट्ट करून मला एक मफलर विणायला मिळाला. वीतभर झाल्यावर माईंना खाली गळलेला टाका दिसला. क्रोशाच्या सुईनं तो वर उचलता आला असता. त्यांनी सगळं उसवलं. मी रडले, त्यांनी लोकर पुन्हा गुंडाळून हातात दिली.

युद्धासाठी सोनं देणाऱ्यांना पावती मिळे. लोकरीला पावती नव्हती, आणि खरं सांगायचं तर सीमेवरच्या फौजेची थंडी वाड्यातल्या सुयांनी हटणारीही नव्हती. ते काम सरकारनं युद्धाआधीच करायला हवं होतं.

२१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला’ म्हणून जो तो बोलत होता. आमचा पहिला गठ्ठा तेव्हा बांधायचाच होता. दोघी-तिघींनी सुया खाली ठेवल्या.

“अगं, चिनी थांबले. थंडी थांबली का?” माई म्हणाल्या.

विणकाम संक्रांतीपर्यंत चाललं. अकरा स्वेटर झाले, दहा गेले. अकरावा छातीत सदतीस भरला. तो माईंनी उसवला, नव्यानं विणला आणि फेब्रुवारीत पाठवला.