फोन नवा आला, नंबर मात्र जुन्यातच राहिले

गेल्या हिवाळ्यात फजरच्या आधी आमच्या बडे अब्बांचा इंतकाल झाला. जोहरनंतर जनाजा ठरला. म्हणजे सगळ्या नातेवाइकांना कळवायला हातात जेमतेम सहा-सात तास. आमच्या घरात नंबरांचा सगळा कारभार अम्मीकडे. कोण कुठल्या गावात आहे, कुणाची सून कुठली, कुणी नंबर बदलला, सगळं तिच्या फोनमध्ये. तिचा फोन हातात घेतला आणि पाहिलं तर त्यात फक्त ४१ नावं. त्यातली बरीचशी आठ-दहा वर्षांपूर्वीची. बंद झालेल्या गॅस एजन्सीचा नंबर होता, पण कराडच्या फुफींचा नव्हता.

चारच दिवसांपूर्वी तिला नवा फोन घेऊन दिला होता. जुना एक्स्चेंजमध्ये गेला. दुकानदाराने सिम काढून नव्यात टाकलं, "हो गया, सब आ गया" म्हणाला, आणि आम्हीही मान हलवून घरी आलो. त्या सकाळी फुफींचा नंबर शेवटी निकाहच्या एका जुन्या पत्रिकेवर सापडला. दोन घरांना वेळेवर कळवताच आलं नाही. त्यांना मिट्टी देता आली नाही, ही गोष्ट ते बोलून दाखवत नाहीत, पण आम्हाला ती टोचते.

चूक दुकानदाराची कमी आणि आमची जास्त. नंबर नेमके कुठे साठवलेले असतात, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बहुतेक घरांत हीच परिस्थिती असते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

फोनमध्ये नावांची यादी एक दिसते, पण ती तीन वेगवेगळ्या जागांवरून गोळा होऊन आलेली असते. पहिली जागा सिम कार्ड. त्यावर साधारण २५० नंबर बसतात, काही सिमवर ५००. नाव आखूड लागतं, देवनागरीत लिहिलं तर आणखी कमी अक्षरं मावतात, आणि फोटो किंवा पत्ता तर नाहीच. दुसरी जागा फोनची स्वतःची मेमरी. इथे जागा भरपूर, पण फोन गेला, फुटला, पाण्यात पडला की नंबरही त्याच्याबरोबर गेले. तिसरी जागा म्हणजे तुमचं खातं: अँड्रॉइडवर गूगलचं, आयफोनवर आयक्लाउडचं. ते नंबर इंटरनेटवर तुमच्या नावाने राहतात आणि कुठल्याही फोनवर तेच खातं उघडलं की परत येतात.

अम्मीचे ४१ नंबर सिमवरचे होते, कीपॅडच्या फोनच्या काळातले. बाकी सगळे जुन्या फोनच्या मेमरीत होते. सिम बदललं, मेमरी दुकानात राहिली. इतकंच झालं होतं.

तुमच्या घरात काय आहे हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये नवीन नाव टाकायला घ्या. हे नाव कुठे सेव्ह होणार आहे, ते बहुतेक फोनांत वरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं: सिम, डिव्हाइस किंवा एखादा ईमेल पत्ता. ईमेल पत्ता दिसला तर चांगलं. पण तो कुणाचा आहे, हेही बघा. इथेच आमच्यापैकी अनेकांची गाडी अडकते.

घरातल्या मोठ्या माणसांचं गूगल खातं बहुधा दुसऱ्याच कुणीतरी बनवलेलं असतं. दुकानदाराने घाईत बनवलं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. किंवा भाच्याने सोपं पडावं म्हणून स्वतःचंच खातं खालाच्या फोनमध्ये टाकून दिलं. हा दुसरा प्रकार आम्ही आमच्याच खानदानात पाहिला आहे. खालांच्या फोनमध्ये भाच्याच्या कॉलेजचे सगळे मित्र दिसायला लागले आणि खालांच्या मैत्रिणी भाच्याच्या फोनमध्ये. एक दिवस भाच्याने यादी साफ करायला घेतली. "ही कोण झुबेदा आपा?" म्हणत वीस-पंचवीस नावं उडवली. संध्याकाळपर्यंत ती खालांच्या फोनमधूनही गायब!

सिंक म्हणजे नक्कल काढून दोन ठिकाणी ठेवणं नाही. वही एकच असते, फक्त ती दोन फोनांवर उघडलेली असते. एका ठिकाणी खोडलं की दुसरीकडेही खोडलं जातं. म्हणून प्रत्येक माणसाचं खातं वेगळं हवं, अम्मीचं अम्मीचं आणि अब्बांचं अब्बांचं. शिवाय घरातल्या बायकांचे, मुलींचे, त्यांच्या मैत्रिणींचे नंबर कुणाच्या तरी तिसऱ्याच खात्यात जाऊन पडणं बरं नाही. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. खात्याला रिकव्हरी नंबर जोडताना घरातल्याच विश्वासाच्या माणसाचा द्या. आणि असं खातं वापराविना पडू देऊ नका. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.

आता फोन बदलण्याआधी काय करायचं ते. जुना फोन चालू असतानाच करायचं, ही पहिली अट. गूगलचं कॉन्टॅक्ट्स नावाचं अॅप बहुतेक अँड्रॉइड फोनांत असतंच, नसेल तर प्ले स्टोअरवर फुकट मिळतं. ते उघडून 'ऑर्गनाइझ'मध्ये जा, काही फोनांत याचं नाव 'फिक्स अँड मॅनेज' असं आहे. तिथे सिमवरचे नंबर आत घेण्याचा पर्याय मिळतो. ते घेताना कोणत्या खात्यात ठेवायचे असं विचारलं तर आपलं गूगल खातं निवडा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन फोनमधले, म्हणजे डिव्हाइस कॉन्टॅक्ट्सही सिंक करण्याचा पर्याय शोधा आणि सुरू करा. या पर्यायाने सिमवरचे नंबर जात नाहीत, म्हणून ते काम वेगळं करावं लागतं. सॅमसंगच्या स्वतःच्या कॉन्टॅक्ट्स अॅपमध्ये हीच कामं 'मॅनेज कॉन्टॅक्ट्स'च्या आत आहेत. मेनूंची नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, गोष्ट तीच.

यानंतर खात्री करून घ्या. हे लोक टाळतात आणि फसतात. दुसऱ्या एखाद्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, त्या खात्याने लॉग-इन करा आणि तीन-चार नावं शोधा. एक जुनं, एक कालच टाकलेलं, एक गावाकडचं. तिन्ही दिसली तर नंबर जागेवर आहेत. काम झाल्यावर तिथून लॉग-आउट करायला विसरू नका, विशेषतः सायबर कॅफेत किंवा ऑफिसमध्ये असाल तर.

नव्या फोनमध्ये तेच खातं टाकलं की नावं आपोआप येतात. पहिल्यांदा वाय-फायवर दहा-पंधरा मिनिटं द्या. नाही आली तर सेटिंग्जमध्ये त्या खात्याखाली कॉन्टॅक्ट्सचं सिंक बंद आहे का पाहा. लॉग-इन करताना गूगल बऱ्याचदा जुन्या फोनवर "हे तुम्हीच आहात का?" असं विचारतं, म्हणून जुना फोन तोवर घरातच हवा. दुकानात उभं राहून हे सगळं करायला जाल तर मागे गिऱ्हाईक थांबलेलं असतं आणि घाई होते.

ज्यांना खात्याचा भरवसा वाटत नाही, त्यांच्यासाठी एक जुना पण पक्का रस्ता आहे. त्याच अॅपमधून 'एक्स्पोर्ट' केलं की सगळ्या नंबरांची एक फाइल तयार होते, तिच्या नावाच्या शेवटी व्हीसीएफ असतं. ती स्वतःला ईमेल करा, मेमरी कार्डवर ठेवा किंवा मुलाच्या फोनवर पाठवा. नव्या फोनमध्ये ती उघडली की नंबर आत येतात. आम्ही दोन्ही करतो. ही फाइल मात्र ग्रुपवर टाकू नका. तिच्यात सगळ्या खानदानाचे नंबर असतात.

एक गैरसमज आम्हालाही होता. व्हॉट्सअॅपचा बॅकअप आहे ना, मग नंबर येतीलच. पण त्या बॅकअपमध्ये तुमच्या गप्पा, फोटो येतात, फोनची यादी त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. नावं गेली असतील तर गप्पा परत येतात, पण नावाच्या जागी नुसता नंबर. कोण आहे ते मजकूर वाचून ओळखायचं.

आता आपल्या लोकांच्या खास उपयोगाची गोष्ट. नंबर सेव्ह करताना पुढे देशाचा कोड लावायची सवय करा. भारताचा +९१, सौदीचा +९६६, दुबई-शारजाचा +९७१, कुवेतचा +९६५, ओमानचा +९६८, कतारचा +९७४. घरातलं कुणी उमऱ्याला किंवा हजला जातं, जेद्दात उतरून सौदीचं सिम टाकतं आणि मुलाला फोन लावतं. नंबर दहा आकडी सेव्ह केलेला असेल तर तो सौदीतलाच समजला जातो आणि लागत नाही. त्यात भारतातलं सिम काढून ठेवलेलं, नंबर त्या सिमवर असतील तर तेही गेले. परक्या मुलखात म्हातारं माणूस काफिल्यापासून चुकलं तर ही छोटी गोष्ट फार मोठी होते. +९१ लावलेला नंबर भारतातही नेहमीसारखाच लागतो, त्यामुळे नुकसान काहीच नाही. लँडलाइन असेल तर पुढचा शून्य काढायचा, मुंबईचा ०२२ हा +९१ २२ होतो. आणि सफरीला निघणाऱ्याच्या खिशात पाच-सहा नंबर कागदावर लिहून द्याच. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

नंबर खात्यात घेतल्यावर एकच नाव दोनदा-तीनदा दिसायला लागेल. घाबरून एकेक उडवत बसू नका. नेमकं खात्यातलं उडेल आणि सिमवरचं राहील. त्याच अॅपमध्ये 'मर्ज अँड फिक्स' आहे, ते जुळणारी नावं एकत्र करून देतं. काही चुकून उडालंच तर गूगल खात्यातलं नाव ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं. वेबसाइटवर 'अनडू चेंजेस' म्हणूनही पर्याय आहे, त्याने पूर्ण यादी ३० दिवसांच्या आतल्या एखाद्या तारखेला होती तशी करता येते. खालांची झुबेदा आपा अशीच परत आली.

आयफोनबद्दल थोडक्यात. आखातातून येणारे भाईजान बरेचदा जुना आयफोन घरी देऊन जातात. अँड्रॉइडवरून त्यावर जाताना सेटिंग्जमधल्या कॉन्टॅक्ट्सच्या खात्यांत आपलं गूगल खातं जोडून कॉन्टॅक्ट्स सुरू केलं की यादी येते. आयफोन सिमवरचे नंबर आत घेतो, पण सिमवर नंबर लिहीत नाही. उलट, आयफोनवरून अँड्रॉइडवर येताना आयक्लाउडच्या वेबसाइटवरून व्हीसीएफ फाइल काढून ती गूगलमध्ये टाकायची.

जुना फोन विकताना किंवा एक्स्चेंजला देताना आधी त्यातली खाती काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, आणि हे घरी करा. नुसते फोटो डिलीट करून देऊ नका. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करा. डुप्लिकेट सिमने तुमचा स्वतःचा नंबर परत मिळतो, जुन्या सिमवर साठवलेली नावं मिळत नाहीत. आणि एखादं कर्ज देणारं अॅप कॉन्टॅक्ट्स बघायची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच अशा अॅपना कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायची मनाई केली आहे. मागणारा कोण, ते ओळखा.

अम्मीची यादी आम्ही पुन्हा कशी उभी केली? चहाबरोबर दोन संध्याकाळी बसलो. खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधले मेंबर एकेक करून उघडले, अम्मीने ओळखले तसे सेव्ह केले. फुफींच्या मुलीने तिच्याकडच्या नातेवाइकांची नावं निवडून फाइल पाठवली. शेजारच्या नंबरांसाठी गल्लीत फिरलो. नावापुढे गाव लिहिलं, कारण अम्मीकडे सलमा नावाच्या चार जणी आहेत. जवळच्या वीस-बावीस जणांचे फोटो लावले, तिला वाचण्यापेक्षा चेहरा पाहून फोन लावणं सोपं पडतं. आता २६० च्या आसपास नावं झाली आहेत, सगळी तिच्या स्वतःच्या खात्यात.

बडे अब्बांच्या जुन्या दोस्तांचे काही नंबर अजून मिळालेले नाहीत. ते त्यांच्या फोनमध्ये आहेत. तो फोन आम्ही चार्ज करून ठेवला आहे, पण त्याला पिन लावलेला आहे, आणि तो घरात कुणालाच माहीत नाही.