औंढ्याच्या वेधशाळेला हवेत मराठवाड्याचे डोळे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळालेल्या या प्रकल्पाचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आहे. त्यात मराठवाड्यातील मुलामुलींचा वाटा बांधकामावरच्या रोजगारापुरताच राहणार, की संशोधनातही दिसणार? संशोधनात उतरायचे तर वेधशाळा पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरात बसून आजच सुरुवात करता येते.

कावळ्याची चोचही ऐकू येते

दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात सूक्ष्म लहरी पसरतात. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या प्रथमच टिपल्या. तेथील उपकरणाची प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब आहे. लहर आल्यावर तिच्या लांबीत पडणारा फरक मात्र प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. इतक्या नाजूक उपकरणाला नको त्या गोष्टीही ऐकू येतात. रेल्वेची धडधड, समुद्राच्या लाटा, इतकेच काय, हॅनफर्ड येथे पाइपवरचा बर्फ टोचणाऱ्या तहानलेल्या डोमकावळ्यांचीही नोंद झाली!

अशा क्षणिक गोंगाटाला ‘ग्लिच’ म्हणतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली, तेव्हा लिव्हिंग्स्टनच्या उपकरणात टकरीच्या सुमारे सेकंदभर आधी मोठा ग्लिच आला. त्यामुळे संगणकाने सुरुवातीला फक्त हॅनफर्डचा संकेत कळवला. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीतली लहर शास्त्रज्ञांनी स्वतः आलेख पाहून ओळखली.

यंत्राला शिकवणारी माणसे

ग्लिच हजारोंच्या संख्येने येतात. ते वेगळे काढण्यासाठी ‘मशीन लर्निंग’ वापरतात. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने ओळखलेली उदाहरणे लागतात. त्यासाठी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा उपक्रम सुरू केला. ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर कोणीही त्यात मोफत सहभागी होऊ शकते. पडद्यावर आलेखाचे चित्र येते. त्याचा आकार पाहून ते कोणत्या प्रकारात बसते, हे सांगायचे असते. सोपी चित्रे नवख्यांना आणि अवघड चित्रे सरावलेल्यांना मिळतात. ही वाटणी यंत्र करते आणि माणसांच्या उत्तरांवरून पुन्हा शिकते.

यंत्राच्या यादीत नसलेले प्रकारही स्वयंसेवकांनी शोधले आहेत. ‘पेअर्ड डव्हज’, म्हणजे पारव्यांची जोडी, हा त्यांपैकीच एक. यासाठी पदवी लागत नाही. थोडे कामचलाऊ इंग्रजी आणि चिकाटी पुरते.

पुढची पायरी

यापुढे जायचे असेल, तर लायगोच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. ‘पायथन’ ही संगणकीय भाषा मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. पहिल्या लहरीची नोंद उतरवून घ्या, गोंगाट गाळा आणि ती ‘चिवचिव’ आलेखात दिसते का, ते पाहा. गोंगाटातून लहर वेगळी काढण्याच्या पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा समावेश आहे. त्यांनी व बी. एस. सत्यप्रकाश यांनी यावर १९९१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता.

आयुका ही लायगो-इंडियाच्या प्रमुख भागीदार संस्थांपैकी एक आहे. विद्यार्थ्यांसाठी तेथे उन्हाळी सुट्टीतील संशोधन प्रकल्प असतात. विद्यापीठ व महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी ‘व्हिजिटिंग असोसिएट’ योजना आहे. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या विद्यार्थ्याशी जोडी जमवली, तर एमएस्सीचा एक प्रकल्प सहज उभा राहतो.

एखाद्या संशोधन गटाला ई-मेल पाठवताना ‘मला आवड आहे, संधी द्यावी’ एवढेच लिहू नका. त्या गटाचा एखादा शोधनिबंध वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचारा. स्वतः काढलेला एक आलेख, लिहिलेला प्रोग्राम आणि तो कुठे अडला, हे सोबत जोडा. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा त्यातून तुमची काम करण्याची तयारी अधिक दिसते. औंढ्याचे उपकरण सुरू होईल, तेव्हा त्याचेही ग्लिच कोणाला तरी ओळखावे लागणारच आहेत. तो सराव या सुट्टीतच सुरू करता येईल.