कूलंटची धार का आटते?

मिलिंग मशीनवर कूलंटची धार बारीक झाली, की आधी पंपाला दोष दिला जातो. अनेकदा कारण टाकीच्या तळाशी असते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतींत बिडाचे काम मोठे. बिडाचा चुरा पिठासारखा. जाळीतून निसटतो, तेलकट चिखल होऊन नळी तुंबवतो. मग कटर तापतो, जॉब वाया जातो.

उपाय काय?

• टाकीत आडपडदे ठेवा. चुरा पहिल्याच कप्प्यात बसतो.
• पंपाचे तोंड तळापासून वर ठेवा.
• परतीच्या वाटेवर जाळी आणि चुंबक लावा. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. तिथे बारीक फिल्टरच हवा.
• जाळी प्रत्येक शिफ्टअखेर धुवा.

नळी हवेने फुंकताना चष्मा हवाच. उडालेला कण थेट डोळ्यात जातो.