आवाज आखडतो, सूर ढळत नाही

व्हॉट्सअॅपवर आत्याने धाडलेला लांबलचक निरोप आपण दुप्पट वेगाने ऐकतो, तरी आवाज आत्याचाच राहतो. टेपरेकॉर्डरवर हे जमत नसे. फीत दुप्पट वेगाने पळवली की ध्वनिलहरीही दुप्पट दाटीने येत आणि मध्य सप्तकातला सा थेट तार सप्तकात जाऊन बसे.

ही गाठ सुटली डिजिटल मेमरीमुळे. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे आकडे मेमरीत लिहायचे आणि दुसऱ्या टोकाने वाचायचे. लिहिण्याचा वेग एक, वाचण्याचा दुसरा. पळत्या फितीवरून आकडे भराभर आत येतात, बाहेर पडतात ते मूळ गतीने. सूर पुन्हा जागेवर. पण मग निम्मे आकडे वाचायचेच राहतात. ते सरळ टाकून द्यायचे! तीसेक मिलिसेकंदांचा तुकडा ठेवायचा, पुढचा तेवढाच गाळायचा. एकच स्वर उच्चारताना तीच लहर पुन्हा पुन्हा येत असते, त्यामुळे कानाला चोरी कळत नाही. आवाज लांबवायचा असेल तर तोच तुकडा दोनदा वाचायचा.

खरी कसोटी जोडाची. कुठेही कापलं तर प्रत्येक सांध्यावर ‘टक्’ वाजतं. चौकड्यांच्या कापडाला शिवण घालताना शिंपी चौकडी जुळवतो, तसंच इथे. पुरुषी आवाजाची लहर साधारण दहा मिलिसेकंदांनी पुन्हा येते, म्हणून काप त्याच पटीत हवा.

१९७५ साली बाजारात आलेल्या इव्हेंटाइड कंपनीच्या एच९१० या सूर बदलणाऱ्या यंत्राला ही जुळणी साधत नसे. पुढच्या एच९४९ ने ती शोधायला घेतली. एच९१० चं सुरुवातीचं गिऱ्हाईक होतं न्यूयॉर्कचं एक टीव्ही केंद्र. ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचे जुने भाग किंचित पळवून जाहिरातींना जागा करायची आणि चढलेले आवाज या यंत्राने खाली आणायचे! गरज कोणाची होती, हे सांगायला नकोच.

तबल्यापाशी मात्र ही युक्ती अडखळते. ‘ना’चा आघात क्षणाचा, तो गाळलेल्या तुकड्यात सापडला तर बोलच नाहीसा, दोनदा वाचला तर एका थापेच्या दोन. म्हणून आजची चांगली सॉफ्टवेअर्स आघात आधी हुडकतात, त्याला हात लावत नाहीत आणि ताण सगळा मागे रेंगाळणाऱ्या नादावर, म्हणजे आसेवर, देतात. तान बसवणारे विद्यार्थी रेकॉर्डिंग निम्म्या गतीवर ऐकतात, तेव्हा तानपुरा जुळलेलाच राहतो. त्याहून खूप खाली गेलं, की गमक खरखरीत आणि धूसर होऊ लागते.