फोटो डॉक्समध्ये अडकत नाही

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी गूगल डॉक्स कोणी हौसेने शिकलेले नाही, कामाने शिकवले. महाविद्यालयाचा वार्षिकांक असो, एखाद्या संस्थेची स्मरणिका असो, की नॅकच्या मूल्यांकनासाठी जुळवायचे अहवाल असोत, प्रत्येक विभाग आपला मजकूर आणि फोटो एकाच सामायिक दस्तऐवजात टाकून मोकळा होतो. सगळ्यांना एकाच पानावर लिहिता येते, ही सोय खरोखर मोठी आहे. घोळ होतो तो शेवटी, अंक अमरावतीच्या छापखान्यात द्यायची वेळ आली की. डीटीपीवाला म्हणतो, मजकूर मिळाला, फोटो वेगळे पाठवा. मग फोटोवर राइट क्लिक होते, इतर संकेतस्थळांवर दिसणारी ‘सेव्ह इमेज ॲज’ ही ओळ यादीत सापडत नाही, आणि निष्कर्ष निघतो की फोटो आत गेला तो गेलाच, आता स्क्रीनशॉट घ्या. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. इतकेच नाही, तर डॉक्समधल्या चित्रांबद्दलचे बाकीचे गैरसमजही बहुतेक याच चुकीच्या समजुतीच्या पोटातून जन्मलेले आहेत.

ती ओळ दिसत नाही याचे कारण अगदी साधे आहे. राइट क्लिक केल्यावर डॉक्स ब्राउझरची नेहमीची यादी दाखवतच नाही, स्वतःची यादी पुढे करतो. त्यात २०२१ साली गूगलने डॉक्सचे पान पडद्यावर उमटवण्याची पद्धतही बदलायला घेतली. आधी ते साध्या वेबपानासारखे रचले जायचे, आता ते कॅनव्हासवर रंगवले जाते. म्हणजे पडद्यावर दिसते ते त्या क्षणापुरते काढलेले चित्र असते आणि खरी फोटोची फाईल मागे, दस्तऐवजासोबत, वेगळी ठेवलेली असते. दिसणारे रूप आणि साठवलेली फाईल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे पक्के ध्यानात धरले तर पुढचे सगळे आपोआप उलगडते.

आधी स्क्रीनशॉटचे पाहू. ए-फोर कागदाला दोन्हीकडे एकेक इंचाचा समास सोडला, तर मधली रुंदी सव्वासहा इंचांच्या आसपास उरते. साध्या मॉनिटरवर शंभर टक्के आकारात एवढी जागा म्हणजे सुमारे ६०० पिक्सेल. पूर्ण रुंदीचा फोटो असला तरी स्क्रीनशॉटमध्ये तेवढेच पिक्सेल येणार. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने हा फोटो नीट छापला जाईल तो दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर रुंदीचा. पासपोर्टच्या फोटोहून थोडासा मोठा! तोच फोटो १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने काढलेला असेल, तर मूळ फाईल ४००० बाय ३००० पिक्सेलची असते आणि ३०० च्या हिशेबाने ती ३४ सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ छापते. फ्लेक्सवर हा फरक आणखी उघडा पडतो. दहा फुटी फ्लेक्सवर ६०० पिक्सेल ताणले, की एकेक पिक्सेल पाच मिलिमीटरचा चौकोन होतो. फ्लेक्स लांबून पाहायचा असतो आणि त्याला ३०० ची गरज नसते हे खरे, पण पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पाच-पाच मिलिमीटरचे चौकोन रस्त्याच्या पलीकडूनही दिसतात.

यावर जाणकार म्हणतील, आधी पान झूम करा आणि मग स्क्रीनशॉट घ्या. म्हणणे रास्त आहे. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा फोटोने पूर्ण भरला, तर सोळा सेंटिमीटरपर्यंत छापण्याजोगे चित्र मिळते, आणि वार्षिकांकाच्या आतल्या पानाला तेवढे पुरतेही. पण मर्यादा पडद्याची राहते, फोटोची नाही. फोटो उभा असेल तर तो पडद्यात मावत नाही, कडा हाताने कापाव्या लागतात, आणि हे सगळे चाळीस फोटोंसाठी चाळीसदा करायचे. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकायचा असेल तर स्क्रीनशॉट खुशाल घ्यावा. छापायचा असेल तर मूळ फाईल काढणे हाच कमी कष्टाचा रस्ता आहे.

तो रस्ता असा. डॉक्सच्या ‘फाईल’ मेनूत ‘डाउनलोड’ आहे आणि त्याखाली ‘वेब पेज’ नावाचा पर्याय आहे, एचटीएमएल आणि झिप असे शब्द पुढे असलेला. तो निवडला की एक झिप फाईल उतरते. ती उघडली की मजकुराच्या फाईलशेजारी ‘इमेजेस’ नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात दस्तऐवजातले सगळे फोटो सुटेसुटे पडलेले असतात. चाळीस असोत की चारशे, काम एकाच खेपेत होते. दुसरी वाट वर्डची. त्याच यादीतून मायक्रोसॉफ्ट वर्ड निवडून डीओसीएक्स फाईल उतरवायची, तिची एक प्रत करायची आणि प्रतीच्या नावाचे शेपूट डीओसीएक्स काढून झिप करायचे. विंडोज लगेच इशारा देते की शेपूट बदलले तर फाईल निरुपयोगी होऊ शकते, आणि बहुतेक लोक इथेच घाबरून मागे फिरतात. घाबरण्यासारखे काही नाही. वर्ड २००७ बरोबर आलेले आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले हे स्वरूप मुळातच झिपचे गाठोडे आहे. नाव बदलल्याने आतले अक्षरही हलत नाही. शेपूट परत डीओसीएक्स केले की फाईल पुन्हा होती तशी वर्डमध्ये उघडते. झिप उघडल्यावर ‘वर्ड’ फोल्डरात ‘मीडिया’ फोल्डर असते, फोटो तिथे. सेव्हन-झिपसारखे साधन संगणकावर असेल तर नाव बदलण्याचीही गरज नाही, ते डीओसीएक्स थेट उघडते. मात्र जुन्या डीओसी फाईलला ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिची रचनाच निराळी. ती आधी वर्डमध्ये उघडून नव्या स्वरूपात साठवावी लागते. दोन्ही वाटांनी फोटो काढून प्रॉपर्टीजमध्ये पिक्सेलची मापे ताडून पाहावीत आणि मोठा असेल तो ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे.

इथे एक नवी अडचण येते आणि ती खरी आहे. बाहेर पडलेल्या फोटोंची नावे इमेज-एक, इमेज-दोन अशी असतात; मूळ नाव कुठेच राहत नाही आणि क्रमांक पानावरच्या क्रमाशी जुळतीलच असेही नाही. प्रत्येक दस्तऐवजातून तीच नावे निघतात, म्हणून तीन विभागांचे फोटो एकाच फोल्डरात ओतले तर एकमेकांच्या डोक्यावर बसतात. एका जिल्ह्यात दोन चांदूर असल्याने एकाला रेल्वे आणि दुसऱ्याला बाजार जोडावे लागले, तसे इथेही करावे: झिप उघडतानाच फोल्डरला विभागाचे नाव द्यावे. सावंग्याच्या विठोबाच्या यात्रेचा फोटो क्रीडा विभागाच्या पानावर छापून आला, की दोष संगणकाचा नसतो.

आता पीडीएफचा समज. पीडीएफ केली म्हणजे फोटो जपले गेले, असे अनेकांना वाटते. पीडीएफ छापण्यासाठी आणि वाचण्यासाठी आहे. तिच्यातूनही फोटो काढता येतात, त्यासाठी साधने आहेत. पण पीडीएफ तयार होताना फोटो दाबून लहान केले जाण्याची शक्यता असते आणि एकदा गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. डॉक्स हाताशी असताना पीडीएफच्या वाटेला जाणे म्हणजे विहीर सोडून डबक्याकडे जाणे.

याच्या नेमकी उलटी चूकही होते: डॉक्समधून काढला म्हणजे तो मूळ फोटोच, असे धरून चालणे. डॉक्स एका चित्रासाठी ५० एमबी आणि २५ मेगापिक्सेल एवढीच मर्यादा ठेवतो, म्हणजे त्याहून मोठा फोटो मूळ आकारात आत असूच शकत नाही. पण खरे नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेले असते. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला असेल, तर तो वाटेतच आकसलेला असतो. दस्तऐवज म्हणून पाठवला तरच जसाच्या तसा पोहोचतो. आकसलेला फोटो डॉक्समध्ये टाकून वर्षभराने बाहेर काढला, तर तो आकसलेलाच निघेल. नॅकसाठी जिओटॅग लावलेले फोटो मागतात, तिथे तर दुप्पट सावध राहावे. फोटोच्या कोपऱ्यात छापून आलेले स्थळ आणि वेळ स्क्रीनशॉटमध्येही टिकतात, पण फाईलच्या पोटात नोंदलेले अक्षांश-रेखांश स्क्रीनशॉटमध्ये कधीच येत नाहीत. मूळ फाईल मोबाइलमधून थेट ड्राइव्हवर ठेवलेली बरी.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र क्रॉपचा आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. डॉक्समध्ये फोटो क्रॉप केला की कापलेला भाग गेला, असे वाटते. तो गेलेला नसतो, फक्त झाकलेला असतो. संपादनाचा हक्क असलेल्या कोणीही ‘रिसेट इमेज’ केले की पूर्ण फोटो पुन्हा समोर येतो. वर्डचेही तसेच, कापलेला भाग कायमचा काढायला तिथे वेगळी सूचना द्यावी लागते. आता कल्पना करा, लाभार्थ्यांच्या यादीत कोणी आधार कार्डाचा फोटो लावला आणि नंबरचा भाग क्रॉप करून निर्धास्त झाला. नंबर तिथेच आहे. फोटो पुसून टाकला तरी काम भागत नाही, कारण ‘व्हर्जन हिस्टरी’त आधीची प्रत शिल्लक राहते आणि संपादन करू शकणाऱ्याला ती उघडता येते. कापायचे असेल तर मोबाइलच्या गॅलरीत कापून, नवी प्रत म्हणून साठवून, मगच ती डॉक्समध्ये टाकावी. आधारच्या बाबतीत त्याहून सरळ उपाय म्हणजे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेले आधार उतरवणे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आधीच चूक झालेली असेल तर फोटो काढून टाकून दस्तऐवजाची नवी प्रत करावी, नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही. जुना दस्तऐवज मात्र मग पुसावा लागतो.

काही जण म्हणतील, आम्ही डाउनलोडची परवानगीच बंद केली आहे, आता कोण काय काढणार? मालकाला तशी सोय आहे खरी: केवळ पाहणाऱ्यांना आणि टिप्पणी करणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी हे पर्याय दिसू नयेत असे ठरवता येते. पण अशी बंदी घातली तरी स्क्रीनशॉट कोणालाच अडवता येत नाही. ते दारावरचे कुलूप नाही, नुसती पाटी आहे. दुसऱ्या टोकाला, डाउनलोड खुले आहे म्हणजे फोटो आपला झाला, हेही खरे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारा असतो. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा ठरतो. पण एखाद्या विद्यार्थ्याने आपणहून काढलेला फोटो त्याचाच. प्रसिद्धीपासून साठ वर्षांनी फोटो मोकळा होतो हा हिशेबही जुना झाला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत काढणाऱ्याच्या हयातीनंतर साठ वर्षे अशी मोजली जाते.

यंदाच्या वार्षिकांकाचे काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी विभागांना पहिल्याच दिवशी सांगावे: मजकूर डॉक्समध्ये द्या, फोटो ड्राइव्हच्या फोल्डरात मूळ आकारात टाका आणि फाईलच्या नावात प्रसंग, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहा.